मुलांना घेऊन मॅच बघायला जाताय? पाण्याच्या बाटलीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोठ्या माणसाला दोन-तीन तास तहान दाबता येते, चार वर्षांच्या पोराला नाही येत. आणि तरी स्टेडियमच्या गेटवर सगळ्यात आधी काय काढून घेतात, तर त्या पोराच्या गळ्यातली वॉटरबॅग. हे नियम आले कुठून, त्यातले कुठले बरोबर आहेत, कुठले नुसतेच डोक्याला ताप आहेत आणि मुलं सोबत असतील तर काय करायचं ते सगळं खाली लिहिलंय. माझं मत आधीच सांगून टाकते. बाटली अडवायचीये तर अडवा, त्याला कारणं आहेत, पण मग आत फुकट पाणी द्या आणि लहान मुलांसाठी काय चालेल ते नियमात स्पष्ट लिहा, गेटवरच्या माणसाच्या मर्जीवर सोडू नका.

पाणीच तर आहे, मग बाटली आत का नेऊ देत नाहीत?

कारण बाटली फेकता येते. ज्याने कधी बघितलं नाही त्याला हे कारण उगीच काढलेलं वाटेल, पण नाहीये तसं. १३ मार्च १९९६, कोलकात्याचं ईडन गार्डन्स, वर्ल्ड कपची सेमीफायनल, भारत विरुद्ध श्रीलंका. भारताला २५२ करायचे होते आणि १२० ला ८ गेले, तसा मैदानात बाटल्यांचा मारा सुरू झाला, स्टँडमध्ये आग लावली गेली, शेवटी मॅच रेफरी क्लाइव्ह लॉइड यांनी सामना श्रीलंकेला देऊन टाकला. एवढ्या मोठ्या मॅचचा निकाल असा लागला म्हटल्यावर आयोजक बाटलीला घाबरणारच ना.

आणि साधा हिशोब करून बघा, अर्ध्या लिटरच्या भरलेल्या बाटलीचं वजन अर्धा किलो. ती वरच्या स्टँडमधून २० मीटर खाली आली तर हवेचा विरोध धरला नाही तर ताशी ७० किलोमीटरच्या आसपास वेगाने येते. खाली कोण बसलंय? तिथेही कुणाची तरी मुलंच बसलेली असतात. त्यामुळे भरलेल्या, बंद बाटलीवर हरकत घेणाऱ्याला मी दोष देत नाही.

इंग्लंड आणि वेल्समध्ये तर हे कायद्यातच आहे. १९८५ च्या कायद्यानुसार ठरावीक फुटबॉल मैदानांवर, लागल्यावर इजा होईल अशी पेयाची बाटली किंवा कॅन, म्हणजे जी रिकामी झाली की टाकून देतात किंवा परत करतात अशी, आत घेऊन जाणं हा गुन्हा आहे. त्यात औषधाच्या बाटलीला सूट आहे, हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

मग आत विकत घेतलेल्या बाटल्या फेकता येत नाहीत का?

येतात की. आणि इथेच नियम लंगडा पडतो. १६ डिसेंबर २००१ ला अमेरिकेत क्लीव्हलंडला त्यांच्या अमेरिकन फुटबॉलच्या मॅचमध्ये शेवटच्या मिनिटाला रेफरीने निर्णय फिरवला आणि लोकांनी बिअरच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या मैदानात फेकायला सुरुवात केली, इतक्या की रेफरीने मॅच संपल्याचं जाहीर करून टीम आत पाठवल्या आणि नंतर लीगच्या ऑफिसातून फोन आल्यावर उरलेले ४८ सेकंद खेळायला त्यांना परत बाहेर यावं लागलं. त्या बाटल्या काही लहान मुलांच्या दप्तरातून आल्या नव्हत्या, त्या आतल्या स्टॉलवर मोठ्या माणसांना विकलेल्या होत्या.

म्हणून ज्या मैदानावर खरंच सुरक्षेची काळजी असते तिथे आत काहीही विकत घेतलं तरी ते कागदाच्या किंवा पातळ प्लॅस्टिकच्या ग्लासात ओतून देतात. बाहेरची बाटली बंद आणि आत मात्र तशीच सीलबंद बाटली विकायला ठेवलेली असेल तर तो नियम सुरक्षेसाठी आहे असं मला कोणी सांगू नये.

नुसतं झाकण का काढून घेतात?

झाकण लावलेली भरलेली बाटली लांबवर आणि नेमकी जाते, उघडी बाटली फेकली की पाणी वाटेतच सांडतं, वजन कमी होतं. एवढंच कारण आहे आणि ते बरोबर आहे.

पण मुलांसोबत उघडी बाटली म्हणजे पाच मिनिटांत अर्धं पाणी कपड्यांवर आणि उरलेलं पुढच्या काकांच्या पाठीवर. यावर उपाय म्हणजे घरूनच मऊ सिलिकॉनचा पेला किंवा घडी होणारी मऊ बाटली न्या. ती रिकामी असली की खिशात बसते, आदळली तरी लागत नाही, त्यामुळे गेटवर सहसा वाद होत नाही. आत गेलं की उघड्या बाटलीतलं पाणी त्यात ओतून घ्यायचं. कडक प्लॅस्टिकचं वेगळं झाकण खिशात लपवून नेण्याचा सल्ला बरेच लोक देतात, मी देणार नाही, कारण मुलांसमोर लपवाछपवी करायची आणि पकडलं तर तिथेच उभं राहून ऐकून घ्यायचं हे नको वाटतं.

रिकामी बाटली चालते का?

बऱ्याच ठिकाणी चालते आणि माझ्या मते सगळ्यात शहाणा नियम हाच. लंडनच्या २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये विमानतळासारखाच १०० मिलिलिटरचा नियम होता, त्याहून जास्त द्रव आत नाही, पण रिकामी प्लॅस्टिकची बाटली नेता येत होती आणि आत भरून घ्यायला पाण्याची फुकट सोय होती. म्हणजे ऑलिंपिकची सुरक्षा सांभाळूनही हे जमतं. हा १०० मिलिलिटरचा आकडा मुळात विमानांचा आहे, २००६ च्या ऑगस्टमध्ये लंडनमध्ये द्रव स्फोटकांचा कट उघड झाला त्यानंतर आलेला, पुढे तो मैदानांवरही आला.

एकच काळजी घ्या, गेटपर्यंत बाटली भरलेलीच न्या आणि रांगेत शेवटी मुलांना पोटभर पाजून मग रिकामी करा. घरूनच रिकामी नेली तर रांगेतला वेळ कोरडा जातो आणि रांग किती लांब असेल ते आधी कळत नाही. आणि आत नळ आहे की नाही हे आधी विचारून घ्या, नळच नसेल तर रिकामी बाटली नेऊन उपयोग काय.

स्टीलची बाटली, थर्मास, मुलांची जाड वॉटरबॅग?

स्टील आणि थर्मास बहुतेक ठिकाणी नाहीच. दोन कारणं, एक तर ते कडक आणि जड, दुसरं म्हणजे आत काय आहे ते बाहेरून दिसत नाही. दारू लपवून नेणाऱ्यांनी हे दुसरं कारण सगळ्यांसाठी करून ठेवलंय. काचेबद्दल तर बोलायलाच नको, काच कुठेच चालणार नाही आणि चालू नये.

मुलांची कार्टूनवाली वॉटरबॅग मात्र मधल्यामध्ये अडकते. ती पारदर्शक नसते, कडक असते, पण टाकून द्यायची वस्तू नसते, आणि मूल ती सोडायला तयार नसतं. तिच्यापायी गेटवर रडारड झालेली सगळ्यांनीच बघितली असेल. त्यामुळे ती घरीच ठेवा आणि मॅचसाठी एक साधी, पारदर्शक, अर्ध्या लिटरच्या आतली बाटली वेगळी ठेवा जी गेली तरी कोणाला वाईट वाटणार नाही. पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये ७५० मिलिलिटरपर्यंतची परत वापरायची बाटली नेता येत होती, म्हणजे मापाची मर्यादा घालून परवानगी देणं शक्य आहे.

रात्री फ्रीजरमध्ये गोठवून ठेवलेली बाटली नेली तर? दुपारभर गार राहते.

नका नेऊ. गोठलेली बाटली म्हणजे सरळ सरळ दगड, झाकण काढलं तरी त्यातून काही सांडत नाही, म्हणून जिथे पाण्याची बाटली चालते तिथेही गोठलेली अडवतात आणि यात त्यांचं चुकत नाही. गार पाणी हवं असेल तर बाटलीभोवती ओला रुमाल गुंडाळा, वारा लागला की बऱ्यापैकी गार राहतं.

खरं सांगा, हे सगळं आतल्या स्टॉलचा धंदा व्हावा म्हणूनच नाही का?

अर्धं हो. आणि हा भाग लोकांना सगळ्यात जास्त टोचतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मैदानावर पेय विकायचे हक्क कोणीतरी पैसे मोजून घेतलेले असतात. मोठ्या स्पर्धांमध्ये तर एकाच कंपनीचं पेय आत विकायचं असा करार असतो, आणि मग बाहेरून आलेलं पेय ही नुसती बाटली राहत नाही, ती दुसऱ्या कंपनीची जाहिरात होते. दक्षिण आफ्रिकेतल्या २००३ च्या क्रिकेट वर्ल्ड कपमध्ये पेप्सी प्रायोजक होती आणि सेंच्युरियनला भारत-ऑस्ट्रेलिया मॅचच्या वेळी एका प्रेक्षकाला कोकाकोला जवळ होता म्हणून बाहेर काढलं होतं. आता त्या कॅनपासून कोणाला काय धोका होता सांगा.

उलट बाजूही बघा. विम्बल्डनला प्रत्येक माणसाला एक वाइनची बाटली किंवा बिअरचे दोन कॅन घेऊन जाता येतात. लॉर्ड्सलाही क्रिकेट बघायला येणाऱ्यांना ठरावीक दारू सोबत आणायची मुभा आहे, आयसीसीच्या वगैरे काही स्पर्धा सोडून. म्हणजे प्रेक्षकांवर विश्वास ठेवायचा ठरवला तर ठेवता येतो. मग जिथे मोठ्या माणसाच्या वाइनसाठी नियमात जागा करता येते, तिथे दोन वर्षांच्या मुलाच्या पाण्यासाठी जागा करता येत नाही असं कसं? मला याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

माझं म्हणणं विक्री बंद करा असं नाहीये. सरबत विका, कोल्ड्रिंक विका, आइस्क्रीम विका. साधं पाणी मात्र त्यातून बाहेर काढा, आणि लहान मुलाचं तर काढाच.

तान्ह्या बाळाचं दूध अडवू शकतात का?

बहुतेक नियमावल्यांमध्ये बाळाच्या दुधाला आणि खाण्याला सूट असते, पण ती एका ओळीत कुठेतरी खाली लिहिलेली असते आणि गेटवरच्या माणसाला ती माहीत असेलच असं नाही. म्हणून ती ओळ मोबाइलवर स्क्रीनशॉट काढून ठेवा, नेट चालेल याच्या भरवशावर राहू नका, गर्दीत हमखास बंद पडतं.

अंगावर पिणारं बाळ असेल तर प्रश्नच नाही, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी द्यायचंही नसतं, उन्हाळा असला तरी, फक्त जास्त वेळा पाजायचं. आईला मात्र पाणी लागतं. ही गोष्ट एकाही नियमात लिहिलेली मी पाहिली नाही. बाळाला सूट आणि आईची बाटली कचऱ्यात, असं होतं.

काढून ठेवलेलं आईचं दूध २५ अंशांपर्यंतच्या तापमानात चार तास चांगलं राहतं, त्याहून गरम हवेत तेवढं धरू नका, बर्फाच्या पॅकसोबत न्या. पावडरचं दूध कालवलं की दोन तासांच्या आत संपवायचं असतं आणि बाळाने एकदा तोंड लावलं की तासाभरात, उरलेलं फेकायचं. आता मॅच चार तासांची, त्यात रांग एक तास, म्हणजे घरून कालवून नेलेलं दूध पुरतच नाही. पावडर कोरडी वेगळी न्यावी लागते आणि ती कालवायला ७० अंशांच्या वरचं गरम पाणी लागतं, आणि गरम पाणी म्हटलं की थर्मास, आणि थर्मास म्हटलं की गेटवर नाही. इथे दोन्ही बाजूंचं खरं आहे, गर्दीत उकळतं पाणी कोणावर सांडलं तर भाजेल. त्यामुळे बाळ पावडरच्या दुधावर असेल तर सगळ्यात सोपं म्हणजे बाळासाठी आधीच कालवून तयार मिळणारं, सीलबंद फॉर्म्युला दूध, ते उघडेपर्यंत खराब होत नाही आणि सीलबंद असल्यामुळे गेटवरही पटकन सोडतात. ते जमत नसेल तर आयोजकांना आधी मेल करून आतल्या प्रथमोपचार केंद्रात गरम पाणी मिळेल का विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

कोणी तुम्हाला बाटलीतलं दूध चाखून दाखवा म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा. बाळाच्या निपलला मोठ्यांचं तोंड लागू नये, हे कारण पुरेसं आहे.

मुलाला डायबेटिस आहे. ज्यूस न्यावाच लागतो.

न्याच, आणि याबाबतीत अजिबात मागे हटू नका. टाइप १ असलेल्या मुलाची साखर खाली गेली तर लगेच गोड द्यावं लागतं, मोठ्यांना साधारण १५ ग्रॅम साखर, लहान मुलांना डॉक्टरांनी सांगितलेली त्याहून कमी, आणि त्या वेळी स्टॉलच्या रांगेत उभं राहायला वेळ नसतो. तो ज्यूस औषधच आहे.

डॉक्टरांची चिठ्ठी, त्यावर मुलाचं नाव आणि "सोबत साखर असलेलं पेय बाळगणं गरजेचं" एवढं एक वाक्य, बास. छोटा टेट्रापॅक न्या, मोठी बाटली नको. सोबत ग्लुकोजच्या गोळ्याही ठेवा म्हणजे कोणी अडून बसलंच तर हात रिकामा नसेल. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या मुलांसाठीही हेच, त्यांना पाणी कमी पडून चालतच नाही, त्यांची चिठ्ठी पाण्यासाठी घ्या.

टेट्रापॅक चालतो का?

पेयांमध्ये मुलांसाठी सगळ्यात जास्त ठिकाणी चालणारी गोष्ट हीच. मऊ असतो, छोटा असतो, सील दिसतं. कॅन मात्र नाही, तो कडक असतो आणि चेपला की कडा धारदार होते.

ओआरएस किंवा एनर्जी ड्रिंक नेलं तर?

या दोन गोष्टी लोक एकत्र विचारतात पण त्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही.

ओआरएसची पुडी कोरडी असते, न्यायला अडचण येत नाही. पण नीट वाचा, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. गेटवर अर्ध्या लिटरचीच बाटली चालते म्हणून अख्खी पुडी अर्ध्या लिटरमध्ये टाकली तर ते पाणी दुप्पट खारट होतं आणि मुलाला त्याचा त्रास होऊ शकतो. २०० मिलिलिटरसाठीची छोटी पुडी मिळते, ती घ्या. आणि उलटी-जुलाब नसतील, नुसती तहान असेल, तर साधं पाणीच द्या.

एनर्जी ड्रिंक मुलांसाठी नाहीच. २५० मिलिलिटरच्या नेहमीच्या कॅनमध्ये ८० मिलिग्रॅम कॅफीन असतं आणि युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या मते मुलांसाठी दिवसाला वजनाच्या एका किलोमागे ३ मिलिग्रॅमच्या वर काळजी करण्यासारखं आहे, म्हणजे २० किलोच्या मुलाला एका कॅनमध्येच मर्यादा ओलांडली. लिथुआनियाने २०१४ पासून आणि पोलंडने २०२४ पासून १८ वर्षांखालच्यांना ते विकायलाच बंदी केलीये.

हाच मुद्दा आत विकल्या जाणाऱ्या कोल्ड्रिंकलाही लागू आहे. ३३० मिलिलिटर कोलामध्ये ३५ ग्रॅम साखर असते आणि ब्रिटनच्या आरोग्य खात्याने चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठी वरून घातलेल्या साखरेची दिवसाची मर्यादा १९ ग्रॅम सांगितलीये. म्हणजे पाणी गेटवर काढून घ्यायचं आणि आत मुलाला दिवसाच्या जवळपास दुप्पट साखर एका दमात पाजायची, यात मुलाचं भलं कुठे आहे?

या गेटवर एक सांगतात, त्या गेटवर दुसरंच. असं का?

खरा संताप याच गोष्टीचा आहे. नियम कडक असला तरी माणूस त्याप्रमाणे तयारी करून येतो, पण गेल्या वेळी चाललेली बाटली या वेळी चालत नाही, पुढच्या कुटुंबाला सोडलं आणि आपल्याला अडवलं, बायकोच्या पर्समधली गेली आणि नवऱ्याच्या बॅगेतली राहिली, असं झालं की डोकं फिरतं, आणि सोबतचं मूल ते सगळं बघत असतं.

कारणं बघायला गेलं तर बरीच आहेत. गेटवरची माणसं मैदानाची नसतात, सिक्युरिटी एजन्सीची असतात, त्या दिवसापुरती आलेली, सकाळी दहा मिनिटांत सूचना दिलेली. नियमही एका जागी नसतात, मैदानाचे वेगळे, स्पर्धेचे वेगळे, प्रायोजकाचे वेगळे, आणि पोलिसांनी त्या मॅचपुरते घातलेले आणखी वेगळे. मैदानाच्या वेबसाइटवर एक लिहिलेलं असतं आणि तिकिटाच्या मागे दुसरं. अशा वेळी गेटवरचा माणूस काय करतो, तर सगळ्यात सुरक्षित उत्तर देतो, "नाही". आत सोडलं आणि काही झालं तर त्याची नोकरी जाते, अडवलं आणि मूल रडलं तर त्याचं काहीच जात नाही.

म्हणून त्या माणसाशी भांडून उपयोग होत नाही. शांतपणे सुपरवायझरला बोलवा म्हणा, स्क्रीनशॉट दाखवा, मुलाचं वय सांगा. तोही नाही म्हणाला तर बाटली मुलांना तिथेच पाजून संपवा आणि आत जा. गेट क्रमांक आणि वेळ मात्र लिहून ठेवा.

मुलाला किती पाणी लागतं मुळात? दोन तास नाही प्यायलं तर काय होतंय?

गार हवेत, सावलीत, दोन तास, घरून पिऊन आलेलं मोठं मूल असेल तर फारसं काही होत नाही. उन्हात मात्र होतं. युरोपच्या त्याच अन्नसुरक्षा संस्थेच्या आकड्यांनुसार चार ते आठ वर्षांच्या मुलाला दिवसाला खाण्यातलं धरून साधारण १.६ लिटर पाणी लागतं, आणि हा साध्या दिवसाचा हिशोब आहे, उन्हात काँक्रीटच्या पायऱ्यांवर ओरडत बसण्याचा नाही. उन्हात खेळणाऱ्या ९ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने दर २० मिनिटांनी १०० ते २५० मिलिलिटर सांगितलंय. बसून बघणाऱ्याला एवढं लागणार नाही, पण त्यावरून अंदाज येतो.

लहान मुलं तहान लागली असं सांगतही नाहीत, ती चिडचिड करतात, मांडीवर येऊन पडतात, डोकं दुखतं म्हणतात. ओठ कोरडे, लघवी गडद किंवा बराच वेळ झालीच नाही, ही लक्षणं बघा. मूल असंबद्ध बोलायला लागलं, अंग तापलं आणि सुस्त पडलं तर नियम-बियम सोडा, जवळच्या कर्मचाऱ्याला डॉक्टर बोलवायला सांगा, मुलाला सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंग ओलं करून वारा घाला.

आत पाणी फुकट मिळणं हा हक्क आहे का?

देशादेशाप्रमाणे बदलतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये जिथे जागेवर प्यायला दारू विकायचा परवाना आहे तिथे मागितल्यावर पिण्याचं साधं पाणी फुकट द्यावं लागतं, ही परवान्याची अट आहे, त्यामुळे तिकडच्या मैदानांवरच्या बारवर बिनधास्त मागा.

ब्राझीलची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. १७ नोव्हेंबर २०२३ ला रिओच्या निल्टन सँटोस स्टेडियमवर, जिथे एरवी फुटबॉल होतो, एक मोठी कॉन्सर्ट होती, भयंकर उकाडा होता, लोकांना पाण्याच्या बाटल्या आत नेऊ दिल्या नव्हत्या. त्या रात्री एका तरुण मुलीचा उष्णतेने जीव गेला. दुसऱ्याच दिवशी तिथल्या सरकारने जाहीर केलं की अशा कार्यक्रमांना लोकांना पाण्याची बाटली नेऊ द्यायची आणि उकाड्यात आयोजकांनी पाणी फुकट पुरवायचं. जो नियम बदलणं आदल्या दिवसापर्यंत अशक्य वाटत होतं तो एका दिवसात बदलला, फक्त त्यासाठी कोणाचातरी जीव जावा लागला, आणि हे मला अजून पचलेलं नाही. म्हणूनच मुलांच्या पाण्याचा विषय कोणी "किरकोळ तक्रार" म्हणून उडवून लावला की राग येतो.

माझी मुलगी स्वतःच खेळायला जाते, तिच्या मैदानावर पाण्याशिवाय काहीच नेऊ देत नाहीत. हे बरोबर आहे का?

हे बरोबर आहे, कारण इथे अडचण जमिनीची असते. कृत्रिम टर्फवर साखरेचं पेय सांडलं की ते चिकट होतं, माती धरतं, मुंग्या येतात, धुवायला त्रास. लाकडी कोर्टवर सांडलेलं काहीही घसरवतं, म्हणून तिथे पाणीसुद्धा कोर्टच्या बाहेर, झाकण घट्ट असलेल्या बाटलीतच. स्विमिंग पूलपाशी काच पूर्ण बंद, कारण पाण्यात काचेचा तुकडा दिसत नाही आणि बाटली फुटली तर अख्खा पूल रिकामा करावा लागू शकतो. इथे पाणी अडवत नाहीत ना, मग तक्रार नाही.

मात्र एखादा कोच शिक्षा म्हणून मुलांना पाणी प्यायला देत नसेल तर ते अजिबात चालवून घेऊ नका.

तक्रार कुठे आणि काय करायची?

मॅच झाल्यावर दोन दिवसांत, मैदानाला आणि आयोजकांना दोघांनाही, लेखी. लांबलचक रागाचं पत्र लिहिलं की ते बाजूला पडतं, त्यापेक्षा तारीख, गेट, वेळ, मुलाचं वय, काय काढून घेतलं आणि तुमच्याच नियमात काय लिहिलंय एवढंच लिहा. आणि एक ठरावीक मागणी करा. उदाहरणार्थ, बारा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे अर्ध्या लिटरपर्यंत पाण्याची एक पारदर्शक बाटली चालेल असं तिकिटावर छापा, किंवा प्रत्येक स्टँडमध्ये नळ कुठे आहे त्याचा नकाशा टाका. अशा मागणीला हो किंवा नाही म्हणावं लागतं, नुसतं "दखल घेतली आहे" म्हणून सुटता येत नाही. मुलांच्या शाळेचा किंवा क्लबचा ग्रुप मिळून जाणार असेल तर तिकिटं घेण्याआधीच हे विचारा, पन्नास तिकिटांच्या गिऱ्हाईकाला उत्तर लवकर मिळतं.

बाहेर जाऊन पाणी पिऊन परत आत येता येतं का?

बऱ्याच मैदानांवर नाही, तिकीट एकदाच स्कॅन होतं. काही ठिकाणी हातावर शिक्का मारून किंवा पट्टी बांधून सोडतात, पण फक्त मध्यंतरात. बाहेर पडण्याआधी गेटवर विचारा, आणि ज्याने हो म्हटलं त्याच गेटने परत या.